काठीला वळसा

“पण स्लाइडच का, चाचा?”

सुजित जाचकनं हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मकबूलचाचा कॅमेऱ्याचं भिंग पुसत होते. आताही पुसतच राहिले.

“फिल्म मिळायची मारामार. उजेडाचा अंदाज केसभर चुकला की चित्र गेलं. मागाहून दुरुस्तीची सोय नाही. सगळे पुढं गेले, तुम्ही तिथंच… का?”

चाचांनी भिंग उजेडाकडं धरलं. एक डोळा मिटून पाहिलं.

“सवय आहे.”

सुजितला हे पटलं नाही. एवढा हट्ट कोणी नुसत्या सवयीनं धरत नाही. म्हातारा काहीतरी राखून बोलतोय, असं त्याला पूर्वीही वाटायचं. आज जरा जास्तच वाटलं. कारण आज तो स्वतःही राखूनच बोलत होता.

मकबूल मुजावर उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी एका टेकाडावर राहत. टेकाडावर लहानसा दर्गा. त्याची झाडलोट, दिवाबत्ती, लोबान त्यांच्या घराण्याकडं. दर्ग्याला लागून दोन खोल्या आणि पुढं अंगण. खाली नजर जाईल तिथवर पाणी. थंडी पडली की त्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरत, आणि थव्यांमागं मोठाल्या कॅमेऱ्यांची माणसं.

चाचांच्या गळ्यातला कॅमेरा जुना. आत फिल्म घालायची ती स्लाइडचीच. कॅमेऱ्यात असते तीच फिल्म धुतली की रंगीत चित्र होऊन हाती येते. मध्ये निगेटिव्ह नाही, छपाई नाही. उजेडापुढं धरायची आणि बघायची. झालं.

फोटोवाल्यांत त्यावरून कुजबुज चाले. कोणी म्हणे, म्हाताऱ्याला नवं यंत्र झेपत नाही. कोणी म्हणे, नाव व्हावं म्हणून घेतलेलं सोंग आहे. कोणी म्हणे, परदेशातलं कोणी गिऱ्हाईक गाठलं असणार, उगाच नाही. तोंडावर कोणी विचारलं नाही.

सुजित त्यांच्याकडं दोन हिवाळे शिकला होता. डिजिटल कॅमेरा घेतला आणि टेकाड उतरला, तो आज चढून आला. मधल्या काळात पुण्यात त्याचं नाव झालं. त्याच्या वर्गाला मुलांची रांग लागायची. येताना त्यानं पेढे आणले होते.

चाचीनं खोका उघडून पाहिला.

“कशाचे म्हणायचे? लग्नाचे असतील तर शिळे झाले. पोरगं शाळेत जातं म्हणे तुझं.”

सुजित हसला. चाचा हसले नाहीत.

खरी गोष्ट वेगळी होती.

पुण्यातल्या एका छायाचित्र संस्थेच्या प्रदर्शनात सुजितच्या चित्राला पहिला मान मिळाला होता. चित्र उजनीचंच. पहाटेची वेळ, तांबूस पाणी, आणि पाण्याला जवळजवळ चिकटून उडणारा रोहितांचा थवा. प्रदर्शनाचा नियम एकच, पण कडक. कॅमेऱ्यानं टिपलं त्यात भर घालायची नाही आणि त्यातलं काही काढायचंही नाही. सुजितच्या चित्रावर कोणीतरी शंका काढली. समितीनं मूळ चित्र मागितलं.

मूळ चित्रात पाण्याच्या मधोमध एक काठी होती. मासेमारांनी जाळं बांधायला रोवलेली. काळी, वाकडी, वर फाटक्या जाळ्याची चिंधी. सुजितनं ती संगणकावर पुसून टाकली होती. इतक्या सफाईनं, की ती नेमकी कुठं होती हे पुढं त्यालाही चटकन सांगता आलं नसतं.

त्याच वेळी कबूल केलं असतं तर मान गेला असता, नाव राहिलं असतं. पण भर बैठकीत, स्वतःच्या विद्यार्थ्यांसमोर विचारलेलं त्याला झोंबलं. तो ताठ मानेनं म्हणाला, हे डिजिटल नाहीच, स्लाइडवर काढलंय, पुढच्या बैठकीत स्लाइडच आणून दाखवतो.

स्लाइडवर कोण संशय घेणार? शंका काढणाऱ्यानं सगळ्यांदेखत हात जोडले.

आता स्लाइड हवी होती. बैठक परवावर आली होती. कागदावर छापलेल्या चित्राचा फोटो स्लाइडच्या फिल्मवर घ्यायचा, फिल्म धुवायची, की झाली स्लाइड. हे घरच्या घरी करून देणारा माणूस सुजितच्या माहितीत एकच होता.

मात्र हे त्या माणसाला सांगायचं नव्हतं.

त्यानं वाटेत गोष्ट रचली होती. एका शाळेत जुना प्रोजेक्टर आहे, मुलांना पडद्यावर पक्षी दाखवायचेत, तेवढ्यासाठी या चित्राची एक स्लाइड हवी. त्यानं ती सांगितली. मध्ये कुठं अडखळला नाही. आणि न अडखळल्याचीच त्याला धास्ती वाटली.

चाचांनी चित्र मांडीवर घेतलं.

चित्र जरा दूर धरलं. पुन्हा जवळ घेतलं.

“पहाटेचं?”

“हो.”

“होडीतून?”

“होडीतूनच… का?”

“सहज.”

सुजितच्या मनात पाल चुकचुकली. या माणसाकडं दोन हिवाळे काढले होते. सहज असं काही ते विचारत नसत.

तेवढ्यात चाचांचा फोन वाजला. ते उठून दर्ग्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले. पाठमोरे बोलत राहिले. वाऱ्यावर तुटक शब्द आले. “आलाय… हो… बघतो आणि कळवतो.”

समितीतल्या कोणाची चाचांशी ओळख असेल? शंका मुळात इथूनच निघाली नसेल कशावरून? असाच कोणी शिष्य येऊन चित्र दाखवून गेला असेल, आणि म्हाताऱ्यानं एक बोट ठेवलं असेल…

चहा घेऊन आलेल्या चाचीला त्यानं विचारलं, कोणाचा फोन.

“माझ्या भावाचा. बोकड विकायला कोणी आलाय त्यांच्याकडं, यांना बघायला बोलावतोय. बोकड पारखायला हेच लागतात सगळ्यांना. म्हणे, नजर आहे.”

सुजितनं मान हलवली. त्याला ते अर्धंच खरं वाटलं.

चाचा परत आले. चित्र उचललं.

“करू.”

सुजित पुढं काही ऐकायच्या तयारीत होता. उपदेश येईल, नकार येईल, निदान शाळेचं नाव तरी विचारतील. काही आलं नाही. चाचांनी पेटीतून उभा लोखंडी दांडा काढला, अंगणात सावली बघून पाट मांडला, दांड्याला कॅमेरा खाली तोंड करून बसवला.

इतक्या सहजासहजी कसे तयार झाले? इथंच घोडं पेंड खातंय, असं सुजितला वाटलं. आता स्लाइडवर कुठंतरी खूण राहील. कोपऱ्यात ओरखडा, नाहीतर रंगात मुद्दाम डाग. तो त्यांच्या हातांवरून नजर काढेना.

चाचांनी चित्र पाटावर ठेवून वर काच दाबली. मग बाजूला झाले.

“तू काढ.”

“मी?”

“चित्र तुझं.”

हात स्वच्छ ठेवतोय म्हातारा, सुजित मनात म्हणाला. उद्या कोणी विचारलं तर, मी नाही, त्यानंच काढलं.

तो वाकला. काचेतून त्याला आपलंच चित्र दिसलं. उजेड मोजायला त्यानं खिशातला मोबाइल काढला तेव्हा चाचांनी नुसती मान हलवली आणि आपला तळहात चित्राच्या बाजूला धरला. पूर्वी शिकवलेलं सुजितला आठवलं. कॅमेऱ्यातल्या काट्यानं तळहातावरचा उजेड मोजायचा, तळहात जरा उजळ असतो म्हणून तेवढं वाढवून घ्यायचं. त्यानं मोजलं. चाचांचा तळहात रसायनांनी पिवळा पडलेला होता.

“माझ्यावर मोजू नको,” चाचा म्हणाले. “माझा मळलाय. तुझा धर.”

सुजितनं आपला तळहात धरला. पुन्हा मोजलं. एक फोटो घेतला. मग काटा थोडा वर करून एक, थोडा खाली करून एक.

“तीन कशाला?”

“एखादा तरी बरोबर येईल.”

“हं,” चाचा म्हणाले. त्या हुंकारातही सुजितला काहीतरी दिसलं.

फिल्ममध्ये आधीची काही चित्रं चाचांची होती. तरी त्यांनी ती तिथंच गुंडाळली आणि धुवायला घेतली. काळ्या पिशवीत हात घालून फिल्म डब्यात भरली. रसायनं कोमट पाण्यात ठेवली. त्या पाण्यासाठी चाचीचा बंब पेटवावा लागला. ती बडबडत होती, की माणसाच्या अंघोळीला विस्तव लावायचा कंटाळा, आणि फिल्मच्या अंघोळीला दोनदा लाकडं. चाचांनी पाण्यात काचेची नळी बुडवली, पाहिली, थोडं गार पाणी ओतलं.

सुजित समोर बसून होता. कुठली बाटली आधी, कुठली नंतर, सगळं त्याला पाठ होतं. चाचांनी एकही पायरी चुकवली नाही. डबा हळू उलटा, हळू सुलटा. जसा पूर्वी, तसाच.

मग त्यांनी फिल्म बाहेर काढून कपड्यांच्या दोरीला चिमट्यानं टांगली. चाचीच्या ओढणीशेजारी.

“वाळू दे,” म्हणाले आणि दुपारचं झाडायला दर्ग्यात गेले.

सुजित एकटाच राहिला. हासुद्धा डाव असेल काय? दर्ग्याच्या जाळीतून बघत असतील. त्यानं तिकडं पाहिलं. आत फक्त केरसुणीचा आवाज.

तो उठून फिल्मपाशी गेला. तीनपैकी मधली चौकट अप्रतिम उतरली होती. तांबूस पाणी, पंखांच्या आतली लाली, वरचं धुकं. ओरखडा नाही. डाग नाही. कोणी जन्मभर भिंग लावून बसला तरी त्याला काही सापडलं नसतं.

सुजितचा श्वास मोकळा झाला. लगेच पुन्हा अडकला. मग म्हाताऱ्यानं खूण ठेवली तरी कुठं?

त्यानं वरच्या चौकटी पाहिल्या. चाचांच्या. तिथं काही गुपित असेल म्हणून डोळे ताणले. घाटाच्या पायऱ्यांवर म्हशी. चिखलात रुतलेली चप्पल. प्लॅस्टिकची पिशवी चोचीत धरलेला बगळा. मासेमाराची होडी, तिच्यातला माणूस कॅमेऱ्याकडं बघून शिवी देतोय असं स्पष्ट दिसत होतं. एक चौकट तर पार काळवंडलेली. पुण्यातल्या कुठल्याही समितीनं यातलं एकही भिंतीवर लावलं नसतं.

एवढ्यासाठी हा माणूस फिल्म मिळवत फिरतो?

चाचा परत आले. कात्रीनं चौकटी वेगळ्या केल्या. पुठ्ठ्याच्या लहान चौकटीत एकेक बसवली. मग जमिनीवर बसून ते पुठ्ठ्यावर लिहायला लागले. म्हशी. कुठं, कधी. बगळा. कुठं, कधी. काळवंडलेलीही त्यांनी टाकली नाही. तिच्यावर लिहिलं, ‘होडी. मध्ये ढग आला, मी ऐकलं नाही.’

सुजितला हसू आलं.

“वाया गेलेलीवर कशाला लिहायचं?”

“लिहिल्याशिवाय इथून काही जात नाही. विसरलास?”

विसरला नव्हता. शिकत असताना हाताला रग लागेपर्यंत लिहिलं होतं. काय, कुठं, कधी. ज्यानं काढलं त्यानं, स्वतःच्या हातानं. चाचा दुसऱ्याच्या स्लाइडवर कधी अक्षर घालत नसत.

त्यांनी मधली चौकट पुठ्ठ्यात बसवली, सुजितपुढं ठेवली आणि तिच्याशेजारी पेन ठेवलं.

सुजितनं पेन उचललं. लिहिलं, ‘रोहित पक्षी.’ खाली लिहिलं, ‘उजनी.’ मग हात थांबला.

“तारीख कुठली घालू? तेव्हाची की आजची?”

आपण काय विचारलं, ते त्याला विचारल्यावर कळलं.

चाचा आपल्या पुठ्ठ्यांची चवड लावत राहिले. खाली पाण्यावर कुठंतरी होडीचं इंजिन सुरू झालं आणि लांब गेलं…

“तुम्हाला सकाळीच कळलं होतं,” सुजित म्हणाला.

चाचांनी चवडीवर आणखी एक पुठ्ठा ठेवला.

“चित्र मांडीवर घेतलंत तेव्हाच.”

चाचांनी कागदावरचं चित्र ओढून घेतलं. थव्याच्या पहिल्या पक्ष्यावर बोट ठेवलं आणि ते पक्ष्यांवरून सरकवत नेलं. ओळ सरळ येत होती. मधोमध आल्यावर ती फाकली. काही पक्षी उजवीकडं कलले होते, काहींनी मान वर घेतली होती. पुढं ओळ पुन्हा एक झाली. मधल्या फटीत नुसतं पाणी होतं. स्वच्छ, गुळगुळीत.

“हे कशाला वळसा घालतायत?”

सुजित बघत राहिला. हे चित्र त्यानं किती वेळा पाहिलं होतं. समितीनं पाहिलं होतं. शंका काढणाऱ्यानंही पाहिलं होतं. पक्षी वळसा घालतायत हे कोणाला दिसलं नव्हतं. आता मात्र त्याला दुसरं काही दिसेना.

“काठी होती,” तो म्हणाला.

“कसली?”

“जाळ्याची. मासेमारांची… एकच होती, चाचा. वाईट दिसत होती.”

“दिसत होती ना?”

सुजितनं सगळं सांगून टाकलं. समिती, बैठक, विद्यार्थी, ताठ मानेनं मारलेली थाप, परवाचा दिवस. शाळा नाही, प्रोजेक्टर नाही. सांगताना त्याचा आवाज चढत गेला, जणू हे सगळं चाचांनीच केलं होतं. स्लाइड नेली नाही तर चित्र भिंतीवरून उतरेल, आणि त्याच्यामागून आपणही. वर्गातली मुलं उद्या तोंडावर हसतील. शेवटी तो म्हणाला, एवढं कळलं होतं तर नाही म्हणायचं. हाकलून द्यायचं.

“तू मागितलीस,” चाचा म्हणाले.

“आणि तुम्ही दिलीत.”

“दिली.”

त्या शांतपणानं सुजित आणखी बिथरला. सकाळपासून खूण शोधत होता. ती सापडली नव्हती. आता त्याला वाटलं, पकडायचं तर ते इथंच.

“म्हणजे स्लाइडही खोटं बोलते,” तो म्हणाला. “तुमच्या घरात, तुमच्या फिल्मवर, तुमच्या रसायनात. आज बोलली. मग कशाला हा हट्ट? आयुष्यभर काय सांगत आलात आम्हाला?”

चाची दारात येऊन उभी राहिली होती.

चाचांनी स्लाइड उचलली. आभाळाकडं धरली. एक डोळा मिटून पाहिलं, अगदी सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आपल्या म्हशींची स्लाइड बघावी तसं. मग ती खाली आणली, सुजितच्या तळहातावर ठेवली आणि पेन त्याच्या बोटांत दिलं.

“ती कुठं खोटं बोलली? तिच्यापुढं कागद ठेवलास, तिनं कागद दाखवला. तिचं सांगून झालं… आता तू लिही.”